बेसाल्टमधल्या भेगा आणि व्हीएसपी (व्हर्टिकल सिस्मिक प्रोफाइल): आठ महिन्यांच्या वापरानंतर

ज्या काळ्या कातळावर सह्याद्रीतले किल्ले उभे आहेत, त्याच कातळातून वडोद्याशेजारच्या पादऱ्याला तेल निघतं, हे दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांना आजही खरं वाटत नाही. हा कातळ म्हणजे डेक्कन ट्रॅप, थिजलेल्या लाव्हाचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दगड घट्ट, त्यामुळे तेल राहतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. भेगांची दिशा चुकली की विहीर कोरडी जाऊ शकते.

जमिनीवरून कंपनं सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपणाऱ्या सिस्मिकला या भेगा सुट्या दिसत नाहीत. वेग सेकंदाला ४००० मीटर आणि वारंवारता ४० हर्ट्झ धरली तर तरंगलांबी १०० मीटर होते. तिच्या पावपट, म्हणजे २५ मीटरपेक्षा पातळ थरही नीट वेगळा होत नाही, मग भेगेची काय कथा! म्हणून जिओफोनच, म्हणजे कंपनं टिपणारे सेन्सर, विहिरीत उतरवायचे आणि विहिरीभोवती वर्तुळात व्हायब्रेटर, म्हणजे जमीन हलवणारा ट्रक, फिरवायचा. हाच व्हीएसपी. शिअर तरंग, म्हणजे दगडाला आडवं हलवत जाणारे तरंग, उभ्या भेगांतून जाताना दोन होतात. भेगांना समांतर हलणारा पुढे पळतो, दुसरा मागे पडतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला टूलची, म्हणजे जिओफोन बसवलेल्या उपकरणाची, दिशा लावण्यात. केबलवर टूल गरगर फिरतं, त्यामुळे प्रत्येक खोलीवर आडवे जिओफोन वेगळ्याच बाजूला तोंड करून बसतात. सर्वात आधी पोचणाऱ्या तरंगाने दोन आडवे जिओफोन कसे हलले, त्याचा आलेख बारीक रेघ यायला हवा. एका पातळीवर तो फुगीर लंबवर्तुळ आला. मी दगडालाच दोष देत बसलो होतो, पण टूलचा हात भिंतीला घट्ट धरत नव्हता. पुन्हा आवळून शॉट घेतला आणि रेघ सरळ आली.

दुसऱ्या विहिरीत केसिंगमागचं, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीमागचं, सिमेंट वरच्या भागात धरलेलंच नव्हतं. ठेकेदाराने 'बाँड उत्तम आहे' असं सांगितलं होतं, तरी केसिंग घंटेसारखं वाजत राहिलं. दोन रात्रींचा डेटा गेला, त्याची खंत अजून आहे. बाँड लॉग, म्हणजे सिमेंट नळीला किती धरलंय त्याची नोंद, स्वतः बघितल्याशिवाय टूल उतरवू देऊ नका.

पण पहिल्या विहिरीने जे दाखवलं त्यासाठी हे सगळं सोसावं. ट्रॅपच्या वरच्या भागात दोन तरंगांमधलं वेळेचं अंतर खाली जाऊ तसं वाढत गेलं आणि शेवटच्या ६० मीटरमध्ये वाढायचं थांबलं. याचा अर्थ भेगा वर दाट, खाली जवळपास नाहीत. इमेज लॉगमध्येही, म्हणजे विहिरीच्या भिंतीच्या चित्रातही, वरच भेगा होत्या, पण तो लॉग तेवढ्या भिंतीपुरतंच बघतो. आजूबाजूच्या कातळाचं बोलतो तो व्हीएसपी.

दिशेवर माझा भरवसा बसला आहे. भेग किती उघडी आहे ते मात्र यावरून ठरवू नका. शिवाय कातळातल्या ताणामुळेही तरंग असेच फुटतात, तेव्हा इमेज लॉग शेजारी ठेवूनच वाचा. केसिंग नसलेल्या भागात ट्यूब वेव्ह, म्हणजे विहिरीतल्या द्रवातून जाणारी लाट, उठली तर उघड्या भेगेचा संशय घ्यायला जागा असते.

पुढची विहीर तिरकी असणार आहे. ती भेगांना आडवी छेदेल अशी दिशा मी याच आलेखांवरून सुचवली आहे.