.भारत डोमेन: पाटीवर शोभतं, ईमेलला अडतं

देवनागरीतलं .भारत हे डोमेन, म्हणजे वेबपत्त्याचा शेवटचा भाग, ऑगस्ट २०१४ पासून नोंदणीसाठी खुलं आहे. ते चालवते निक्सी, म्हणजे .इन सांभाळणारीच संस्था, त्यामुळे खरेदीत नवं काही नाही. मान्यताप्राप्त रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) नाव शोधायचं, १ ते १० वर्षांसाठी घ्यायचं, ओळखीची पडताळणी करायची आणि नेमसर्व्हर (तुमची साइट कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) भरायचे. जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा भाव मात्र बघू नका. नूतनीकरणाचा भाव विचारा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा.

खरी कसोटी नाव टाइप करताना लागते. ‘ॲग्रो’ मधला ॲ दोन तऱ्हांनी उमटतो: एक तर स्वतंत्र अक्षर (युनिकोड क्रमांक यू+०९७२), किंवा साध्या ‘अ’वर चंद्र. डोळ्यांना फरक कळत नाही, पण डीएनएसच्या, म्हणजे नावावरून साइट शोधणाऱ्या यंत्रणेच्या लेखी ती दोन निराळी नावं. ‘वऱ्हाड’चंही तसंच. ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिलं तर ठीक. पण काही कीबोर्ड साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, ते जुन्या नियमांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गळून पडतं आणि उरतं ‘वर्हाड’. असं नाव टाळता आलं तर टाळा. ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं वेगळी दिसतात म्हणून घाबरायचं कारण नाही, तो फक्त फॉन्टचा फरक आहे.

आतल्या बाजूला हे डोमेन रोमनच असतं. .भारतचं खरं रूप ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असं आहे आणि तुमच्या नावाचंही ‘एक्सएन--’ने सुरू होणारं रूप तयार होतं. एका भागाची ६३ अक्षरांची मर्यादा या रूपाला लागते. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळंच मोजलं जातं, तेव्हा लांबलचक संस्थेचं पूर्ण नाव बसेलच असं नाही. होस्टिंग पॅनल, एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मांडणी, एसएसएल प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवणारा दाखला), सगळीकडे हेच रोमन रूप द्या. देवनागरी रूप दिलं की कुठेतरी प्रमाणपत्राचं नाव जुळत नाही आणि ब्राउझर धोक्याचा इशारा दाखवतो. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं अशा नावांना २०१६ पासून मिळतात, तिथे खर्च नाही.

ईमेल ही सर्वांत कच्ची बाजू. जीमेलने २०१४ मध्ये रोमन नसलेल्या लिपीतल्या पत्त्यांशी पत्रव्यवहार सुरू केला, पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये आवृत्ती ३.० पासून सोय आहे, पण वाटेतला एखादा सर्व्हर एसएमटीपीयूटीएफ८ (असे पत्ते चालवणारी ईमेलची पद्धत) ओळखत नसला की पत्र परत येतं. वेबसाइटींचे फॉर्म त्याहून वाईट. जुनी तपासणी शेवटच्या ठिपक्यानंतर फक्त इंग्रजी अक्षरं मागते. .भारतच्या रोमन रूपात आकडे आणि आडव्या रेघा असल्यामुळे तेही फेटाळलं जातं, म्हणजे पळवाटही बंद. बँक किंवा कर खात्याच्या नोंदणीत असा ईमेल देण्याच्या फंदात पडू नये.

म्हणून सल्ला असा: मुख्य साइट आणि ईमेल .इन किंवा .कॉमवर ठेवा, .भारत घेऊन तिथून ३०१ पुनर्निर्देशन (मुख्य साइटकडे कायमचं वळवणं) लावा. दुकानाच्या पाटीवर, एसटीच्या मागच्या जाहिरातीवर, लग्नपत्रिकेच्या छापखान्याच्या कार्डावर ते छान दिसतं आणि वाचून लक्षात राहतं. त्या कामासाठी पाचपैकी चार गुण, एकमेव पत्ता म्हणून दोनच.

तक्रार कुठे करायची याचाही घोळ होतो. देशांच्या डोमेनचे नियम आयकॅन ही जागतिक डोमेन संस्था ठरवत नाही, त्यामुळे रजिस्ट्रारने दाद दिली नाही तर निक्सीकडे जायचं. कोणी तुमच्या व्यापारचिन्हाचं नाव बळकावलं तर आयएनडीआरपी या डोमेनच्या वादांसाठीच्या धोरणाखाली लवाद नेमला जातो. तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव तुमच्या चिन्हासारखंच किंवा गोंधळात पाडणारं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि हेतू वाईट आहे. मराठी नावाचा ट्रेडमार्क फक्त रोमन लिपीत नोंदवला असेल तर आधी देवनागरीतही अर्ज करून ठेवा, वादात युक्तिवाद सोपा जातो.