घाबरायचं कुणाला? 'ट्वायलाइट इम्पेरियम'बद्दल

अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते मी. शस्त्रास्त्रस्पर्धा हा धडा फळ्यावर रंगत नाही, हा अनुभव जुना. पुतण्याने 'ट्वायलाइट इम्पेरियम' या अंतराळातल्या साम्राज्यांच्या पटखेळाची चौथी आवृत्ती आणली आणि हाच धडा आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. फँटसी फ्लाइट गेम्सची ही पेटी २०१७ सालची, पहिली आवृत्ती १९९७ची. खेळाडू ३ ते ६. पेटीवर वेळ ४ ते ८ तास लिहिली आहे. त्यातला आठ हा आकडाच खरा धरा आणि स्वयंपाक आदल्या रात्री उरकून ठेवा.

जुनं साम्राज्य कोसळलंय, राजधानीचा ग्रह मेकाटोल रेक्स मधोमध ओस पडलाय आणि भोवताली सतरा राष्ट्रांपैकी आपण निवडलेली टपून बसली आहेत. आधी १० गुण करेल तो जिंकला. बहुतेक गुण लढाईतून येत नाहीत. सहा ग्रह ताब्यात ठेवा, आठ प्रभाव (ग्रहांकडून मिळणारं राजकीय वजन) खर्च करा, अशी उद्दिष्टं टेबलावर उघडी पडतात आणि ती पुरी केली की गुण. पण समोर प्लास्टिकच्या जहाजांची रांग लागली की हे लक्षात कुणाच्या राहतं!

पुतण्या लेटनेव्ह हे राष्ट्र घेतो. एका ठिकाणी किती जहाजं ठेवायची यावर प्रत्येकाला मर्यादा असते, लेटनेव्हला मात्र दोन जास्तीची. त्याने सीमेवर ड्रेडनॉट, म्हणजे अवजड युद्धनौका, मांडली. "काकू, हे फक्त बचावासाठी हं," हे वर. शेजारच्याने लगेच क्रूझर वाढवली, ती बघून पुतण्याने आणखी एक ड्रेडनॉट. दोघांचा पैसा गेला, गुण एकाचाही वाढला नाही. वर्गात हे समजावायला मला दोन तास लागतात.

करारांचा नियम तर मला फारच आवडला. देवाणघेवाण तिथल्या तिथे होणार असेल तर शब्द पाळावाच लागतो. 'पुढच्या फेरीत तुला हात लावणार नाही' हे मात्र नुसतं तोंडचं. म्हणून वचनचिठ्ठ्यांना भाव. त्यातली 'सपोर्ट फॉर द थ्रोन' दुसऱ्याला दिली की त्याला एक गुण मिळतो, पण आपली जहाजं असलेल्या प्रदेशावर त्याने चाल केली की गुण गेला आणि चिठ्ठी परत. यात विश्वास लागतच नाही, नुकसानाची भीती पुरते.

मेकाटोल रेक्सवर पहिलं पाऊल ठेवायला सहा प्रभाव मोजावे लागतात. त्यानंतर दर फेरीला सभा भरते, दोन ठराव येतात. 'फ्लीट रेग्युलेशन्स' आला की ताफ्याला लगाम बसतो, आणि त्याच्या बाजूने हिरिरीने बोलणारा नेमका बिनताफ्याचा असतो.

एक डाव सांगते. आम्ही पाच जण. पुतण्या आठ गुणांवर, मेकाटोल त्याच्याकडे, इम्पीरियल हे धोरणपत्तंही (दर फेरीला निवडायचं, खास अधिकार देणारं पत्तं) त्याच्याकडे. फेरीअखेर पत्ती परत करायची वेळ आली आणि त्याने 'पोलिटिकल स्टॅबिलिटी' हे हातातलं पत्तं टाकलं! म्हणजे इम्पीरियल पुढच्या फेरीतही त्याच्याच हातात: मेकाटोलचा एक गुण, एका उद्दिष्टाचा एक, खेळ खलास. स्थैर्य त्याचं, झोप आमची उडाली. पण इम्पीरियलचा क्रमांक आठवा, त्यामुळे त्याची पाळी शेवटी. त्याच्या आधी आम्हा चौघांना एकेक चाल. डिप्लोमसीचं पत्तं बाकी कुठल्याही प्रदेशाला कुंपण घालतं, मेकाटोलला नाही. दोघांनी जहाजं फुकट घालवली, तिसऱ्याने ग्रह घेतला.

जिंकली मात्र हकान खेळणारी माझी सहकारी. सिंहमुखी व्यापारी, शेजार नसला तरी कुणाशीही सौदा करणारे. दुपारभर ती माल विकत, चहा ओतत होती. तिच्यापुढे थ्रोनच्या दोन चिठ्ठ्या उघड्या पडल्या होत्या, त्यातली एक मीच दिलेली. तिचे गुण पाटीवर सगळ्यांना दिसत होते. पण ड्रेडनॉट नाहीत म्हणून तिला कोण घाबरणार?

खोट काढायची तर वेळेची. पाचव्या तासाला मागे पडलेला माणूस सूडापायी दुसऱ्या कुणाला तरी राजा करतो, आणि ते खेळणाऱ्याला जाचतं. सहा जणांना चौकोनी टेबल पुरत नाही. आम्ही सतरंजी अंथरतो. पत्त्यांवरचं इंग्रजी वकिली आहे, नियम आधी एकाने तरी घोकायला हवेत. तिघांत खेळू नका, दोघांनी हातमिळवणी केली की तिसरा संपलाच. २०२० सालच्या 'प्रोफेसी ऑफ किंग्ज' या पुरवणी पेटीने आणखी सात राष्ट्रं येतात आणि आठ जण खेळू शकतात. ती घ्यायचं पुतण्याच्या मनात आहे. मी म्हटलं, आधी मोठं टेबल आण.