गावभागातलं फिल्मचं दुकान आणि माळ्यावरचा फ्रिज

सांगलीच्या गावभागातल्या या दुकानात मी वर्षभर कॅमेऱ्याचे फिल्म रोल घेते आहे. पाटी पासपोर्ट फोटोची, काचेच्या कपाटात फ्रेमा आणि लग्नाचे अल्बम. इथे फिल्म मिळते हे बाहेरून कळतही नाही. मागितली की दुकानदार काका जिना चढून माळ्यावर जातात आणि तिथल्या फ्रिजमधून घट्ट झाकणाचा डबा घेऊन येतात. डब्यात रोल, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि प्रत्येक खोक्यावर मार्करने लिहिलेली तारीख: माल दुकानात कधी आला त्याची. मी या दुकानाला चांगलं म्हणते ते या फ्रिजमुळे आणि या तारखेमुळे.

मी मिरजेत शाळेत चित्रकला शिकवते. सतारमेकर गल्लीत तंबोरे कसे घडतात, त्याचे फोटो सुट्ट्यांमध्ये फिल्मवर काढते. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ऑनलाइन ५ रोल मागवले, ३ रंगीत आणि २ ब्लॅक अँड व्हाइट, सगळे ४०० स्पीडचे (स्पीड म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा). पार्सल आलं तेव्हा आम्ही गावी गेलो होतो. वॉचमनने ते घेऊन आपल्या केबिनमध्ये ठेवलं. केबिनला पत्रा. मे महिन्याचे २३ दिवस ते तिथे पडून होतं. परत आल्यावर खोक्यावरची एक्स्पायरी बघितली, वर्षाहून जास्त मुदत शिल्लक होती. निश्चिंत मनाने रंगीत रोल कॅमेऱ्यात घातला.

त्या रोलवर एक म्हातारे कारागीर भोपळ्याला पॉलिश करत होते, दारातून येणारा उजेड त्यांच्या हातावर पडला होता. स्कॅन आले तेव्हा त्या भोपळ्याचा गडद तपकिरी रंग उडालेला, सावल्या हिरवट चिखलासारख्या, काळं कुठेच काळं नाही, सगळीकडे रवाळ दाणे. तो तंबोरा तोवर गिऱ्हाइकाकडे गेला होता. लॅबने सांगितलं, उजेड कमी पडला असेल. मी उजेड मोजायचं मीटर लावून फोटो काढते, मला ते पटलं नाही. विक्रेत्याला लिहून विचारलं की तुम्ही माल कुठे ठेवता. उत्तर आलं नाही.

कुणीतरी या दुकानाचं नाव सांगितलं म्हणून निगेटिव्ह घेऊन गेले. काकांनी फोटो बघितलेच नाहीत. पट्टी उजेडावर धरली आणि म्हणाले, "बाई, चित्र सोडा, ही कड बघा." भोकांच्या बाजूच्या त्या कडेवर कॅमेऱ्यातला उजेड कधीच पडत नाही. तिथे फिल्मचा नुसता नारिंगी रंग दिसायला हवा. माझ्या पट्टीची कड मळकट आणि दाट होती. मग विचारलं, "रोल कुठं ठेवला होता?" पत्र्याची केबिन ऐकल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले.

पुढे त्यांनी जे केलं ते मी कुठल्या दुकानात बघितलं नव्हतं. माझ्याकडच्या न वापरलेल्या ब्लॅक अँड व्हाइट रोलचा एक तुकडा आणि त्याच कंपनीच्या, त्याच स्पीडच्या त्यांच्या फ्रिजमधल्या रोलचा एक तुकडा, दोन्ही अंधारात कापून एकाच डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, सारख्याच वेळात धुतले. दोन्हींनी उजेड पाहिलेला नव्हता. वाळल्यावर पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले. त्यांचा तुकडा जवळजवळ स्वच्छ, माझा धूर लागल्यासारखा. पैसे घेतले नाहीत.

याचं कारण त्यांनी सांगितलं आणि मी घरी येऊन आणखी वाचलं. फिल्मवर जिलेटिनमध्ये सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात. उजेड पडला की स्फटिकावर चांदीचा सूक्ष्म ठिपका तयार होतो, आणि त्या ठिपक्यावरून डेव्हलपर अख्खा स्फटिक काळा करतो. उष्णता हेच काम उजेडाशिवाय, हळूहळू करते. डेव्हलपरला ठिपका उजेडाने पडला की उकाड्याने, ते कळायचा मार्ग नाही. त्यातून जे धुकं तयार होतं त्याला फॉग म्हणतात. त्याचबरोबर फिल्मची संवेदनशीलताही उतरते. म्हणजे सावलीतलं चित्र आधीच अशक्त उमटतं, आणि जे उमटतं त्यावर धुकं बसतं.

रंगीत फिल्मचं नुकसान जास्त, कारण तिच्यात लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडासाठी वेगवेगळे थर असतात आणि ते सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत. म्हणून सावलीत एक छटा चढते आणि उजेडाच्या भागात दुसरीच. मी चार रात्री कॉम्प्युटरवर बसले होते. सावली सुधारली की कारागिरांचा चेहरा गुलाबी व्हायचा. ब्लॅक अँड व्हाइट बरीच सोसते. माझे उरलेले दोन रोल मी स्पीड ४००च्या ऐवजी २०० धरून, म्हणजे दुप्पट उजेड देऊन वापरले, चित्रं मिळाली, पण जरा फिकी.

एक-दोन दिवसांच्या गरमीने रोल सहसा मरत नाही. आठवडे गेले की मरतो. उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी मात्र वेगळी, तिच्यात ५० अंश सहज ओलांडले जातात. कोडॅक ही फिल्मची कंपनी आपल्या नेहमीच्या फिल्मसाठी २१ अंश किंवा त्याखालचं तापमान सांगते. आपल्याकडे मे महिन्यात २१ अंश फ्रिजशिवाय कुठे सापडणार? खोक्यावरची तारीख अशी थंड साठवण धरून छापलेली असते, हे मला ४८ व्या वर्षी कळलं.

इथे मला सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, आठवतात. हळद जमिनीखाली, थंड आणि अंधारात ठेवली की वर्षानुवर्षं किडत नाही, हे आपल्या लोकांना माहीत होतं. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. काकांचं दुकानही २०१९ च्या पुरात पाण्यात होतं, त्यानंतर फ्रिज माळ्यावर गेला.

काका माल मुंबईहून स्वतः आणतात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, थर्माकोलच्या पेटीत. त्यामुळे एका रोलमागे ऑनलाइनपेक्षा दीडशेच्या आसपास रुपये जास्त पडतात. मी ते आनंदाने देते. ३२०० स्पीडची फिल्म ते ठेवतच नाहीत. म्हणतात, जितकी वेगवान तितकी नाजूक, आणि निसर्गातल्या किरणोत्साराने तिच्यावर फ्रिजमध्येसुद्धा फॉग चढतो, तो थंडीने थांबत नाही. विकता येण्यासारखी वस्तू गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी न विकणारा दुकानदार मला फार मोठा वाटतो.

उणिवाही सांगते. रंगीत रोल इथे धुतले जात नाहीत, ते पुण्याला जातात आणि आठवड्यातून एकदाच. उन्हाळ्यात ही वाट बघणं बरं नाही, कारण फोटो काढलेल्या रोलवरचं न धुतलेलं चित्रही उकाड्याने कमजोर होतं. मी काकांना विनंती केली आहे की निदान एप्रिल-मेमध्ये दोन खेपा करा. फ्रिजला इन्व्हर्टर नाही. वीज गेली की ते दार उघडत नाहीत आणि गिऱ्हाइकाला थांबवतात. मला एकदा पाऊण तास थांबावं लागलं.

रोल देताना ते हमखास सांगतात: डबी लगेच उघडू नका, तास-दीड तास बाहेर राहू द्या. गार फिल्मवर बाहेरच्या हवेतली वाफ पाणी होऊन बसते, पावसाळ्यात तर जास्तच, आणि ओल्या जिलेटिनवर बुरशी धरते. मी सकाळी ११ ला रोल घेते, मिरजेला पोचून जेवते आणि मग कॅमेऱ्यात भरते.

दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं. उन्हाळ्यात जाणार असाल तर मुलांचा थर्मासचा डबा सोबत न्या, आणि स्कूटरच्या डिकीत रोल ठेवू नका.