नामांकित महाविद्यालय की मनाजोगती शाखा?

अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी परीक्षेचा निकाल लागला की केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत (कॅप) पसंतीक्रम भरताना घरोघरी हाच पेच पडतो: पुण्याच्या सीओईपी या नामांकित अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्र घ्यावे, की जिल्ह्याच्या साध्या महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी? 1854 साली सुरू झालेल्या आणि 2022 साली विद्यापीठ झालेल्या सीओईपीच्या नावाला वजन आहे आणि ते पोकळ नाही; तेथे मोठ्या कंपन्या मुलाखतींसाठी येतात, माजी विद्यार्थी जगभर पसरलेले आहेत, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे वसतिगृहात रात्री दोन वाजता अडलेले गणित समजावून देणारा कोणी ना कोणी भेटतो. जिल्ह्याच्या ठिकाणी हे क्वचितच मिळते. मात्र शाखा मनाजोगती मिळते आणि घरी राहिल्याने खर्चही वाचतो.

माझ्या मते धातुशास्त्राचे वावडे नसेल तर सीओईपीच घ्यावे. पण ज्या मुलीने अकरावीपासून प्रोग्रॅमिंगचा ध्यास घेतला आहे, तिला केवळ नावासाठी चार वर्षे भट्ट्या आणि मिश्रधातू शिकायला लावणे मला अन्यायाचे वाटते. साधे महाविद्यालय निवडण्यापूर्वी मात्र तेथे स्वतः जावे, प्रयोगशाळेतील किती संगणक खरोखर चालू आहेत ते पाहावे आणि तास नियमित होतात का, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.