न्यूबॉर्न फोटोशूटचा किट: नवा असताना नव्हे, काही महिने वापरल्यावर कसा वाटतो

ऑनलाइन 'न्यूबॉर्न पोझिंग किट' म्हणून जे मिळतं त्यात साधारण एवढं असतं: मीटरभर व्यासाची रेक्झिनची बीनबॅग, कापड अडकवायचा स्टँड, चार-पाच स्ट्रेच रॅप (बाळाला गुंडाळायची ताणली जाणारी कापडं), छोट्या उशा आणि एक फरची चादर. बहुतेक रिव्ह्यू खोकं उघडल्या दिवशीच लिहिलेले असतात, आणि त्या दिवशी सगळंच टणक, मऊ, स्वच्छ असतं. पण हे सामान जुनं होत जातं तसं बाळासाठी धोक्याचंही होत जातं, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

सुरुवात बीनबॅगपासून, कारण खरी गोम तिथेच आहे. आतले थर्माकोलचे दाणे वापराने चेपतात. नियमित शूट होत असतील तर दोन-तीन महिन्यांत बॅगच्या मधोमध खळगा पडतो. वर चादरींचे थर असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही, पण बाळ ठेवलं की कंबर खाली जाते, पाठीची कमान होते आणि हनुवटी छातीवर येते. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मानेत जोर नाही आणि श्वासनलिका मऊ. हनुवटी टेकली की हवेची वाट दबते. अशा वेळी बाळ रडेल, धडपडेल असं समजू नका. ते नुसतं शांत पडून राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं, छान झोप लागली.

म्हणून शूटच्या आधी चाचणी करा. तीन किलो तांदळाची पिशवी बॅगच्या मध्यावर दहा मिनिटं ठेवायची. उचलल्यावर खड्डा चार बोटांपेक्षा खोल राहिला तर बॅग भरायला झाली. अर्धा किलो दाणे घालून पुन्हा बघायचं. भरताना बॅग बाथरूममध्ये न्या, नाहीतर दाणे अंगाला, कपड्यांना, सगळीकडे चिकटतात. नंतर चादरी झटकून घ्यायच्या. नाकाजवळ एकही दाणा नको. चेनच्या आत दुसरं अस्तर नसेल तर ती बॅग घेऊच नका.

बाळ ठेवल्यावर हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर खांद्याखाली हातरुमालाची पातळ घडी सरकवा. जाड घडी घातली तर मान मागे पडते, आणि तेही तितकंच वाईट. पोटावर झोपवलं असेल तर गाल चादरीत रुतलेला नको, दोन्ही नाकपुड्या उघड्या दिसायला हव्यात. आधाराच्या घड्या आणि उशा कायम वरच्या चादरीच्या खाली, तोंडाशेजारी सुटी उशी कधीही नाही. किटमधल्या उशांपैकी अर्धचंद्राकार एक तेवढी कामाची, बाकीच्या घरच्या नॅपकिनच्या गुंडाळ्यांपुढे फिक्या पडतात.

रॅप आधी उत्तम होते. धुऊन धुऊन ताण गेला की ते ढिले बसतात, मग हात आपोआप जास्त ओढतो, आणि तिथे चुकतं. छातीवर कापडाखाली दोन बोटं जायला हवीत, आणि गुडघे वाकून बाहेरच्या बाजूला फाकता आले पाहिजेत. पाय सरळ करून घट्ट बांधल्याने खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा धोका वाढतो. तळपाय जांभळे पडले तर फोटो थांबवून रॅप सोडा. बोटाने दाबून सोडल्यावर तीन सेकंदांत रंग परत यायला हवा. ओठ किंवा जीभ निळी दिसली तर शूट तिथेच बंद आणि बाळाला ताबडतोब डॉक्टरकडे न्या.

फरच्या चादरीचं एक जवळून बघण्यासारखं आहे. चार-पाच धुण्यांनंतर तिचे केस सुटायला लागतात आणि बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळले जातात. केस इतका बारीक की मांसात रुततो, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. दर पोझनंतर हातापायांची बोटं मोकळी करून बघा. रॅपच्या कडेचे लोंबते धागे आधीच कापून टाका.

खोली उघड्या अंगाच्या फोटोंसाठी 26 ते 28 अंश, रॅप केलेलं असेल तर दोन अंशांनी कमी. थर्मामीटर बॅगच्या उंचीवर ठेवायचा, भिंतीवर नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत ऑइल हीटर लावा, दीड-दोन मीटर लांब. पंख्याचा हीटर गरम झोत थेट अंगावर टाकतो. मुंबईच्या मे महिन्यात हीटरचा प्रश्नच नाही, उलट एसी 27 वर ठेवावा लागतो, झोत बाळाकडे न येऊ देता. मानेमागे घाम, लालसर छाती म्हणजे उकडतंय. शंका आली तर काखेत मोजा: 36.5 ते 37.5 ठीक. गरम पाण्याच्या पिशवीने गादी उबवायला हरकत नाही, पण बाळ ठेवण्याआधी ती काढायची.

आपल्याकडे शूट बहुधा बारशानंतर, कित्येकदा सवा महिना झाल्यावर ठरतं. तोवर बाळ गर्भातल्यासारखं मुटकुळं करून झोपत नाही, म्हणून परदेशी अल्बममधल्या पोझ त्याच्यावर लादू नका. हातांवर हनुवटी टेकवलेली ती प्रसिद्ध 'बेडूक' पोझ तर एका फोटोत घ्यायचीच नसते: एकदा मदतनीस वरून डोकं धरतो, दुसऱ्यांदा खालून मनगटं, आणि दोन्ही फोटो जोडून हात पुसले जातात. झोळीतले, टांगलेले फोटोही असेच जोडायचे. जोडता येत नसेल तर ती पोझ सोडून द्या.

सकाळी तेल लावून मालिश झालेली असते, अंग निसटतं. आंघोळ घालून, पुसून मगच हातात घ्या. घंगाळात किंवा टोपलीत ठेवायचं तर तळाशी दोन-तीन किलो वाळूची पिशवी, वर जाड दुपटं, काठावरही पट्टी. धातू अंगातली ऊब ओढून घेतो. पैठणीची जरतार पाठीला टोचते, मुकुटाची कड टाळूवर येते. दोन्ही शोभेला शेजारी ठेवा.

फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना त्रास होईल का, असं आजी हमखास विचारतात. पण उजेडापेक्षा स्टँड कलंडण्याची भीती मोठी. किटमधला स्टँड हलका आहे आणि कापडाला ओढ बसली की पुढे झुकतो, म्हणून प्रत्येक पायावर वाळूची पिशवी हवीच. वरून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात. पांढऱ्या आवाजाचं यंत्र (बाळ झोपावं म्हणून एकसुरी सळसळ ऐकवणारं) दोन मीटर दूर, आवाज हळू.

बाळापासून हातभर अंतरावर एक मोठं माणूस कायम, आणि त्याचं तेवढंच काम. ते काम बाळंतिणीवर टाकू नका. तिला खुर्ची आणि पाणी द्या, दूध पाजायला वेळ द्या. खोकला-सर्दी झालेल्या फोटोग्राफरने तारीख पुढे ढकलावी. बाळ पिवळं दिसत असेल, दूध प्यायला उठत नसेल तर घरच्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

बॅग घेण्यासारखी आहे, रॅपही. स्टँड दुसरीकडून जड बघून घ्या. फरची चादर सुटी मिळत असेल तरी घेऊ नका, तिच्याऐवजी साधं विणलेलं कापड टिकतं.