भिंतीवरचं घडीचं टेबल: खोकं म्हणतं जागा वाचते, मी म्हणते जागा राखली जाते

वस्तू साधी आहे. 90 बाय 45 सेंटिमीटरची, 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची फळी, वर पांढरं लॅमिनेट आणि खाली स्प्रिंगच्या खटक्याचे दोन लोखंडी ब्रॅकेट. ब्रॅकेट भिंतीला ठोकायचे, फळी त्यांच्यावर बसवायची. फळी वर उचलली की खटके आपोआप अडकतात आणि टेबल तयार होतं. खटके दाबले की ती खाली भिंतीलगत लोंबते. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घडणीचं टेबल थोड्याफार फरकाने बऱ्याच नावांखाली मिळतं, आणि पुढचं बहुतेक सगळं त्या सगळ्यांनाच लागू आहे.

मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. घरात मुलगा, सून, दोन नातवंडं आणि मी. टेबल घेतलं ते जलरंगांसाठी. त्याआधी जेवणाच्या टेबलावर रंगवायची, म्हणजे पानं घ्यायची वेळ झाली की आकाश अर्धवट सोडून उठायचं.

आधी बसवण्याबद्दल, कारण टेबल टिकणार की नाही ते तिथेच ठरतं. खोक्यावर ठळक लिहिलंय: भारक्षमता 40 किलो. पण कुठे ठेवलेले 40 किलो, ते लिहिलेलं नाही. वर्गात विचारलं असतं तर निम्म्या मुलांनी बरोबर सांगितलं असतं. भिंतीपाशी ठेवलेलं वजन आणि पुढच्या कडेवर ठेवलेलं वजन यांचा भिंतीवरचा परिणाम एकसारखा नसतो. माझ्या ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये 25 सेंटिमीटरचं अंतर आहे. भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर 10 किलो ठेवले तर वरचे स्क्रू साधारण 4 किलोच्या जोराने बाहेर ओढले जातात. तेच 10 किलो 45 सेंटिमीटरवरच्या कडेला आले की तो ओढा 18 किलोंचा होतो. दोन ब्रॅकेटमध्ये वाटला तरी प्रत्येकी 9. आणि उठताना माणूस दोन्ही तळहात टेकवून जोर देतो तो नेमका पुढच्या कडेवरच. म्हणून रंगाचा डबा, पाण्याची बरणी, कागदांची चळत हे सगळं भिंतीकडे ठेवायचं आणि उठताना आधार घ्यायचा तो खुर्चीचा.

आता सगळ्यात मोठी तक्रार. सोबत दिलेले स्क्रू 35 मिलिमीटरचे आहेत. भिंतीचं प्लॅस्टरच साधारण 12 ते 15 मिलिमीटर असतं, दोन-तीन मिलिमीटर ब्रॅकेटच्या पट्टीत जातात. उरलेले जेमतेम 20 मिलिमीटर विटेत. शोभेची चौकट टांगायला ठीक आहे, टेबलाला नाही. मी ते स्क्रू खोक्यातच ठेवले. 60 मिलिमीटरचे स्क्रू आणि 8 मिलिमीटरचे नायलॉनचे प्लग हार्डवेअरच्या दुकानातून आणले आणि 8 च्याच बिटने भोकं पाडून घेतली. भोक पाडल्यावर आतला भुगा फुंकून काढायचा, नाहीतर प्लग पूर्ण आत बसत नाही. विजेच्या बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर-खाली किंवा सरळ आडव्या रेषेत ड्रिल लावू नका, तारा बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. जिप्समच्या पोकळ भिंतीवर हे टेबल बसवायचा विचार असेल, तर आतल्या उभ्या आधारात स्क्रू जाणार असतील तरच बसवा. नुसत्या जिप्समच्या बोर्डावर भरवसा नको.

माहितीपत्रकात फक्त चित्रं आहेत. त्यातली एकही बाई माझ्या उंचीची नाही.

उंची मात्र आपल्याला हवी तशी ठेवता येते, हा या प्रकाराचा मोठा फायदा. तयार टेबलं सहसा 72 ते 75 सेंटिमीटरची असतात आणि बुटक्या माणसाचे खांदे त्यावर दिवसभर वर उचललेले राहतात. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसले, हात कोपरात काटकोनात वाकवला, सुनेला जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायला सांगितलं आणि त्यातून दोन सेंटिमीटर वजा केले. उत्तर आलं 67. मुलगा म्हणाला, "आई, हे फारच खाली दिसतंय." त्याला दिसत असेल. बसणार मी होते.

आता मुद्द्याचं. अशा टेबलाची जाहिरात नेहमी जागेच्या बचतीवर असते. घडी घातली की अर्ध्या फुटाहून कमी जागा खातं, खोली मोकळी. खरं आहे, पण त्यासाठी मी हे सुचवणार नाही. मला घडीचा जो उपयोग झाला तो वेगळाच निघाला.

याआधी मला खोलीतल्या कपाटाची वरची बाजू दिलेली होती. "ही आईची जागा," असं सगळ्यांच्या समोर ठरलेलं. तिथे आधी मोबाइलचा चार्जर आला. मग किल्ल्या. मग इस्त्रीचे कपडे, "फक्त रात्रीपुरते". मग नातीचा प्रकल्प, ज्याला कोणी हात लावायचा नव्हता. कोणी मुद्दाम करत नव्हतं, म्हणून भांडताही येत नव्हतं. आमच्या घरात आडवी मोकळी जागा रिकामी राहत नाही, हा नियम न्यूटनच्या तिन्ही नियमांइतका पक्का आहे. ब्रश काढायचा म्हणजे आधी अर्धा तास आवरायचं, आणि आवरून झालं की रंगवायची इच्छाच संपलेली.

घडीचं टेबल बंद असताना तिथे आडवी जागाच नसते. उभ्या फळीवर कोणी काय ठेवणार? फळी उचलली की दर वेळी कोरी पांढरी जागा समोर येते, काल सोडली तशी. लोकांना हे सांगितलं की हसतात, पण पाच माणसांच्या घरात स्वतःचं काही करायला बसणाऱ्यांना लगेच कळेल. या टेबलाची किंमत मी त्या कोऱ्या जागेसाठी मोजली असं समजते.

दुसरा फायदाही खोक्यावर लिहिलेला नाही. मी टेबल दाराआडच्या भिंतीवर बसवलंय. ते उघडं असलं की दार अर्धंच उघडतं, पुढच्या कडेला टेकतं. आत येणाऱ्याला थांबावं लागतं, "येऊ का?" विचारावं लागतं. कडी लावली असती तर घरात प्रश्न उठले असते. सहा वर्षांचा नातू त्या फटीतून आडवा होऊन येतो, त्याला परवानगी आहे. दार आपटून लॅमिनेटचा कोपरा उडू नये म्हणून कडेला रबराची पट्टी चिकटवून घ्या.

पण याच घडीची दुसरी बाजू आहे आणि ती खरेदीआधी माहीत हवी. बंद करायचं टेबल म्हणजे दर वेळी सगळं उचलायचं टेबल. ज्याचं काम मध्येच थांबवून तसंच पसरून ठेवावं लागतं, त्याने या भानगडीत पडू नये. शिवणयंत्राचं तर नावच काढू नका. वजन एका बाजूला, वर सततची थरथर, स्क्रू हळूहळू सैल होणारच. मातीकाम, मोठी कोडी, घड्याळं उघडून बसणं, यांना चार पायांचं अचल टेबल लागतं.

जलरंगात ही अडचण अर्धीच आहे आणि ती सुटते. कागद थेट टेबलावर न ठेवता वेगळ्या पाटीवर चिकटवायचा. मी 6 मिलिमीटरच्या प्लायची 42 बाय 60 सेंटिमीटरची पाटी कापून घेतली. त्यावर 38 बाय 56 चा कागद चारही बाजूंनी कागदी टेपने चिकटवते. 300 ग्रॅमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा कागद वापरते. त्याहून पातळ कागद पाणी पिऊन फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. काम अर्धवट राहिलं तर पाटी कपाटामागच्या फटीत उभी जाते, टेबल मिटतं, उद्या पाटी पुन्हा बाहेर. म्हणजे घडीच्या टेबलासोबत अशी एक पाटी हवीच. कंपनीने ती सोबत द्यायला काय हरकत होती, कळत नाही.

फक्त पाटी उभी करण्याआधी रंग वाळलेला हवा. ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरलेला थर, उभा केला तर खाली ओघळतो आणि अर्धवट वाळलेल्या भागात पाणी शिरून वेड्यावाकड्या कडा उमटतात, त्या परत निघत नाहीत. डोळ्यांना कागद वाळलेला दिसतो तेव्हा तो बऱ्याचदा वाळलेला नसतो. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावून पाहा. गार लागला तर अजून पाणी उडतंय, बाष्पीभवन उष्णता ओढून घेतंय. खोलीइतकाच लागला की उचला. ही युक्ती मी वर्गात शिकवलेल्या धड्यातूनच आली, चित्रकलेच्या नव्हे.

उतारासाठी टेबलात सोय नाही. वॉश एकसारखा खाली यायला थोडा कल लागतो. पाटीच्या मागच्या कडेखाली सात सेंटिमीटरचा ठोकळा ठेवला की साधारण दहा अंश मिळतात, तेवढे पुरतात. ठोकळा नातवाचा आहे आणि तो आठवणीने परत मागतो. पण टेबलाच्या पुढच्या कडेला ओठ नसल्यामुळे पाटी घसरते. तिथेही मी रबराचीच पट्टी लावली. पाटी ठेवल्यावर डाव्या-उजव्या मिळून 30 सेंटिमीटर उरतात. त्यात पाण्याच्या दोन बरण्या आणि रंगाचा डबा मावतो, चहाचा कप नाही, आणि ते बरंच आहे. एकदा ब्रश कुठे बुडतोय याचं भान गेलं की चहाही जातो आणि रंगही.

लॅमिनेट चांगलं. पाणी सांडलं तर पुसलं की गेलं. पृष्ठभाग पांढरा असल्यामुळे रंगाचा शिंतोडा लगेच दिसतो आणि पाटीवर जायच्या आत पुसता येतो. समोरच्या आणि बाजूच्या कडांना पट्टी आहे, पण भिंतीकडची कड उघडी सोडलीय. बरण्या तिकडेच ठेवायच्या असल्यामुळे पाणी नेमकं तिथेच जातं. बसवण्याआधी त्या कडेला वॉर्निशचे दोन हात द्या. हीच वस्तू एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीतही मिळते. पाण्याचं काम असेल तर ती घेऊ नका, कड एकदा फुगली की बसत नाही. निळ्या-हिरव्या रंगांचे काही डाग लॅमिनेटवर मागे राहतात. घडी घातल्यावर वरचीच बाजू खोलीकडे येते, म्हणजे आल्यागेल्याला ते दिसतात. दिसू देत.

दिव्याचं तुमचं तुम्हीच बघायचं. चिमट्याचा दिवा फळीला लागतो, पण मिटवताना दर वेळी काढावा लागतो, म्हणून तो भिंतीवर लावा. उजव्या हाताने काम करत असाल तर डावीकडे, म्हणजे हाताची सावली रेषेवर पडत नाही. पिवळसर उजेडात फिका पिवळा रंग कागदावर लावला तरी दिसतच नाही आणि सकाळी तो थर नको तितका जाड निघतो. 4000 ते 5000 केल्विनचा (हा उजेडाच्या रंगाचा आकडा) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, 90 च्या वर असलेला दिवा घ्या. दोन्ही आकडे सहसा खोक्यावर छापलेले असतात. सीआरआय दिलेलाच नसेल तर दुसरा दिवा बघा.

आता खटके. दोन्ही एकाच वेळी दाबावे लागतात आणि ते फळीच्या खाली दोन टोकांना आहेत. दोन्ही हात खटक्यांवर गेले की फळी धरायची कशाने? मी गुडघ्याने धरते. माझ्या वयाच्या बाईने दर वेळी एका पायावर उभं राहावं अशी रचना करणाऱ्याला मी नापास करेन. त्याहून गंभीर म्हणजे ब्रॅकेट कात्रीसारखा मिटतो आणि त्या सांध्यावर कसलंही आवरण नाही. मोठ्यांचं बोट चिमटलं तर दुखेल, लहान मुलाचं चिमटलं तर प्रकरण दवाखान्यात जाईल. आमच्याकडे नातवंडांनी फळीला हात लावायचा तो ती पूर्ण उघडी आणि अडकलेली असतानाच. लहान मुलं असलेल्या घरात हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. शिवाय खटका अडकताना "खट्" असा मोठा आवाज होतो. रात्री सगळे झोपल्यावर बसणार असाल तर टेबल ते झोपायच्या आधीच उघडून ठेवा.

पाचपैकी साडेतीन. एक गुण कापला तो स्क्रू आणि सांध्याच्या आवरणासाठी, अर्धा माझ्या गुडघ्यासाठी. ज्याला घरातल्या घरात रोज तासभर स्वतःची कोरी जागा हवी आहे आणि ज्याचं काम एका पाटीवर मावतं, त्याने जरूर घ्यावं. मुलाला आता लॅपटॉपसाठी असंच एक त्यांच्या खोलीत हवंय. मी त्याला भिंतीत नेमकं काय आहे ते ठोकून बघायला सांगितलंय, आणि 60 चे स्क्रू आधीच आणून दिलेत.