पहिलीसाठी मुलींची शाळा: पेठेतली कन्याशाळा की कॉन्व्हेंट?

मुलगी पुढच्या जूनला पहिलीत जाणार, घर कोथरूड किंवा वारज्याच्या बाजूला आणि ‘शाळा मुलींचीच हवी’ हे घरात ठरलेलं. अशा आईबाबांसमोर पुण्यात दोन रस्ते असतात. एक पेठांकडे जातो: लक्ष्मी रस्त्यावरची हुजूरपागा, डेक्कन एज्युकेशन सोसायटीची अहिल्यादेवी, महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची रेणुका स्वरूप. दुसरा जातो कॉन्व्हेंटकडे: पाषाणची सेंट जोसेफ, लुल्लानगरची माउंट कार्मेल. दोन्हीकडे खासगी संस्थाच आहेत, पण ‘खासगी’चा अर्थ मात्र दोन्हीकडे अगदी वेगळा निघतो आणि तिथेच बहुतेक पालकांचा गोंधळ होतो.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ते कुठे पटत नाही हे तुम्हाला ताडून बघता येईल. पालक शाळेच्या नावाची तुलना करतात, तुलना करायला हवी तुकडीची. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन मुलींची फी, माध्यम आणि बाईंची नेमणूक पूर्णपणे वेगळी असू शकते.

फी आणि तुकडी

महाराष्ट्रात अनुदानित शाळांमध्ये मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे, ऐंशीच्या दशकापासून. हे ऐकून ‘मग कन्याशाळेत खर्चच नाही’ असं वाटतं. प्रत्यक्षात बालवर्ग कुठेच अनुदानित नसतो. जुन्या संस्थांमध्येही काही तुकड्यांना अनुदान असतं, काहींना नसतं, आणि सेमी इंग्रजीची किंवा नंतर वाढवलेली तुकडी अनेकदा विनाअनुदानित निघते. म्हणून कार्यालयात पहिला प्रश्न असा विचारा: ‘माझ्या मुलीला ज्या तुकडीत प्रवेश मिळेल ती अनुदानित आहे का? पाचवीला ती कोणत्या तुकडीत जाईल?’ दुसरा प्रश्न फार कमी पालक विचारतात. पण प्राथमिक आणि माध्यमिक विभागांची मान्यता, मुख्याध्यापक, हिशेब, सगळं वेगळं असतं, आणि चौथीतून पाचवीत जाताना चित्र पालटू शकतं.

अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार सरकार देतं. त्यामुळे शिक्षक सहसा टिकून असतात, अनुभवी असतात. उलट बाजू अशी की बाई निवृत्त झाल्या की ती जागा भरायला सरकारी प्रक्रियेची वाट पाहावी लागते, आणि तोवर मानधनावरच्या शिक्षिकेवर वर्ग चालतो. त्यामुळे ‘प्राथमिकला कायम शिक्षिका किती आणि मानधनावर किती’ हेही विचारा. विचारताना संकोच वाटला तरी चालेल, उत्तर देताना समोरच्यांना वाटला तर मात्र तुमच्या वहीत नोंद करा.

कॉन्व्हेंटमध्ये प्राथमिकला फी भरायची हे गृहीत धरा. काही कॉन्व्हेंटच्या माध्यमिक विभागाला अनुदान आहे, तेव्हा पुढे फी उतरण्याचीही शक्यता असते. हेही फाटकाच्या आत विचारल्याशिवाय कळत नाही. फीवाढीवर राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही, ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावी लागते आणि त्या समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. ही समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे आधीच्या वर्षीच्या पालकांना फाटकाबाहेर गाठून विचारलं तर पाच मिनिटांत समजतं. देणगीच्या नावाखाली पैसे मागणं १९८७ च्या कायद्यानेच बेकायदा आहे. ‘ऐच्छिक’ म्हणून पुढे केलेल्या पावतीपुस्तकाचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं. पावतीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत एवढंच मी म्हणेन.

आणखी एक फरक. शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागा अल्पसंख्याक संस्थांना, म्हणजे ख्रिस्ती संस्थांच्या कॉन्व्हेंटनाही, लागू नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या संस्था त्या कायद्याबाहेरच ठेवल्या. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने या निकालावर शंका घेतली आणि विषय मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं, पण आज तरी कॉन्व्हेंटमध्ये आरटीईतून जागा मिळेल या आशेवर राहू नका. मूल आणि पालक यांची मुलाखत घेण्याला त्याच कायद्याने मनाई केली आहे. कॉन्व्हेंटला ती मनाईही लागू होत नाही, म्हणून तिथे ‘भेटीला’ बोलावलं तर गैरसमज करून घेऊ नका. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही याच कायद्यातलं. तेव्हा वर्गात किती मुली बसतात ते दोन्हीकडे स्वतः मोजून या.

भाषा

इथे लोक ‘इंग्रजी येईल की नाही’ यावर अडतात. मला वाटतं, त्याआधीचा प्रश्न असा आहे: संध्याकाळी घरी अभ्यास घेणारं माणूस कोण? आजी घेणार असेल आणि आजी मराठी शाळेतली असेल, तर मराठी माध्यमात नातीचा अभ्यास आजीच्या मांडीवर होतो. इंग्रजी माध्यमात तोच अभ्यास पहिलीपासून शिकवणीला जातो, आणि शिकवणीची फी कोणत्याच माहितीपत्रकात छापलेली नसते.

सेमी इंग्रजी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. हे कधीपासून सुरू होतं ते शाळेशाळेत बदलतं. कुठे पहिलीपासून गणित इंग्रजीत, कुठे पाचवीपासून. सहा वर्षांच्या मुलीसाठी मला उशिरा सुरू होणारं सेमी जास्त पटतं. हातच्याची बेरीज समजायची आणि त्याच वेळी त्या बेरजेची भाषाही शिकायची, असे दोन घास एकदम भरवले की मूल दोन्ही थुंकतं.

कॉन्व्हेंटबद्दलचा मोठा गैरसमज मंडळाचा. ‘कॉन्व्हेंट म्हणजे आयसीएसई’ असं सर्रास म्हटलं जातं. पुण्यातल्या बऱ्याच कॉन्व्हेंट राज्य मंडळाच्या आहेत, म्हणजे दहावीला तुमची मुलगी आणि पेठेतली मुलगी एकाच मंडळाची परीक्षा देणार. मग जास्तीची फी तुम्ही अभ्यासक्रमासाठी भरत नाही, दिवसभर कानावर पडणाऱ्या इंग्रजीसाठी भरता. तो फायदा खराच आहे, त्याला कमी लेखू नये. मधल्या सुट्टीत इंग्रजीत भांडणारी मुलगी पुढे मुलाखतीत अडखळत नाही. मराठी मात्र तिथे विषयापुरतीच राहते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तरी विषय म्हणून शिकणं आणि त्या भाषेत वावरणं यात अंतर आहे. घरात मराठी वाचन होत असेल तर हे अंतर भरून निघतं, नसेल तर निघत नाही.

राज्य मंडळाने २०२५-२६ पासून पहिलीचा नवा अभ्यासक्रम आणला आहे. त्यामुळे ‘मोठ्या मुलीची पुस्तकं जपून ठेवलीत’ हा हिशेब यंदा मनातून काढून टाका.

‘मुलींची’ असल्याने काय होतं

हुजूरपागा १८८४ ची. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्यांनी ती उभी केली, तेव्हा मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवण्यावरून ‘केसरी’तून कडाडून टीका झाली होती. आज त्याच पेठेतले लोक तिथे प्रवेश मिळावा म्हणून ओळख शोधतात. त्या काळी वेगळी शाळा नसती तर मुलगी घरीच बसली असती. आज तसं नाही, म्हणून आजचं कारण वेगळं हवं.

संशोधनाकडे बघितलं तर फार मोठी आश्वासनं मिळत नाहीत. २०१४ मध्ये मानसशास्त्रातल्या एका नामांकित नियतकालिकात २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. मुली कोणत्या घरांतून येतात हा फरक नीट लक्षात घेतल्यावर, मुलींच्या शाळेचा गुणांतला फायदा जवळजवळ उरत नाही असं त्यात दिसलं. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये मुलं सोडतीने शाळांत विभागली जात. तिथल्या आकडेवारीत मात्र एकलिंगी शाळांच्या बाजूने फरक सापडला. म्हणजे विज्ञान अजून एका बाजूला झुकलेलं नाही. ‘मुलींच्या शाळेत गणित जास्त चांगलं होतं’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर हसून सोडून द्या.

मला दिसणारा फरक मैदानावरचा आहे, आणि तो पहिलीत नव्हे, पाचवीनंतर दिसतो. मिश्र शाळेत मधल्या सुट्टीत मैदान मुलांचं होतं आणि मुली कडेने फिरतात. मुलींच्या शाळेत खो-खोचा खांब, ढोल, संचलनाचं नेतृत्व, प्रयोगशाळेतली उपकरणं, सगळं मुलींच्याच हाती असतं, कारण दुसरं कोणी नसतंच. पाळी सुरू होण्याच्या वयात सॅनिटरी पॅड मागायला लाज वाटत नाही. कन्याशाळेत नवरात्रात भोंडला होतो आणि खिरापत ओळखण्यावरून वर्गावर्गांत चुरस लागते. कॉन्व्हेंटमध्ये नाताळचं नाटक असतं, तिथे जोसेफही मुलगीच होते. यातलं काय जास्त आवडतं हा घराच्या स्वभावाचा प्रश्न आहे.

पहिली-दुसरीसाठी मात्र ‘मुलींचीच शाळा’ हा आग्रह मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. घराजवळ चांगली मिश्र प्राथमिक शाळा असेल तर चार वर्षं तिथे काढून पाचवीला मुलींच्या शाळेत जाणं हा समंजस मार्ग आहे. अडचण एवढीच की पाचवीला जागा मिळेल याची खात्री कोणी देत नाही. स्वतःच्या प्राथमिक विभागातल्या मुलींना बहुतेक शाळा आधी घेतात, आणि म्हणून पालक पहिलीपासूनच रांगेत उभे राहतात.

सुरक्षितता

मुलींची शाळा आहे म्हणजे सुरक्षित आहे, हे समीकरण मोडीत काढा. शाळेत पुरुष कर्मचारी असतात, रिक्षाकाका असतात, बाहेरचे प्रशिक्षक येतात. शाळेने मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती नेमलेली असली पाहिजे, असा शासन निर्णय २०२२ पासून आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीबद्दल आणखी कडक आदेश निघाले. समितीतल्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का, छोट्या मुलींना स्वच्छतागृहात नेणाऱ्या मावशी कोण आणि त्या किती वर्षं शाळेत आहेत, हे बघा. तक्रारपेटी असेल तर ती सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला पोचते का तेही बघा. बऱ्याच ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर टांगलेली सापडते.

शाळेच्या बसमध्ये मुली असतील तर महिला मदतनीस हवी, असं राज्याच्या २०११ च्या नियमांत आहे. पेठेतल्या शाळांत मुली बसपेक्षा रिक्षा आणि व्हॅनने जास्त येतात, आणि तिथे मदतनीस नसते. हा मुद्दा कॉन्व्हेंटच्या बाजूने जातो, पण तुमच्या भागात त्यांची बस येत असेल तरच.

अंतराबद्दल एकच सांगते. कोथरूडहून लक्ष्मी रस्ता काय, पाषाण काय, नकाशावर दोन्ही जवळ दिसतात. सकाळी शाळा भरायच्या वेळी स्वतः गाडी घेऊन जाऊन बघा, मग ठरवा. लुल्लानगर कोथरूडकरांनी सोडूनच द्यावं. कर्वेनगरच्या घरांनी महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा परिसर आधी बघावा. तिथलं महिलाश्रम हायस्कूल पेठेतल्या नावांइतकं चर्चेत नसतं, पण पाचवीनंतरचा विचार करताना ते यादीत असायला हवं.

निवासी शाळांचा विचार पहिलीसाठी करूच नका. पाचगणीची सेंट जोसेफ किंवा किमिन्स, कासार आंबोलीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा, लवळ्याची अवसरा अकादमी ही मोठ्या वयाची गोष्ट. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिलाच विचारा.

मग कोणती?

घरात मराठी वाचणारं माणूस आहे, अनुदानित तुकडीत जागा मिळते आहे आणि प्रवासाची सोय भरवशाची आहे, अशा घराने पेठेतली कन्याशाळा घ्यावी. वाचलेले पैसे पोहणं, चित्रकला, पुस्तकं, कशावरही खर्च करा. विनाअनुदानित सेमीच्या तुकडीतच जागा मिळत असेल तर माझं मत डळमळतं, कारण मग फीतला फरक कमी होतो. आईबाबा दोघंही बदलीच्या नोकरीत असतील किंवा पुढे राज्याबाहेर जायची शक्यता असेल, तर कॉन्व्हेंट सरळ घ्यावी; मराठी माध्यमातून मधेच बाहेर पडलेल्या मुलीची ओढाताण होते. घरात कोणालाच अभ्यास घ्यायला वेळ नसेल तर दोन्हींपेक्षा घराजवळची शाळा बरी, मग ती मुलींची असो वा नसो.

कॉन्व्हेंटचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे निघतात, मराठी शाळांचे प्रवेश बऱ्याचदा उन्हाळ्यापर्यंत चालतात. त्यामुळे आधी कॉन्व्हेंटचा अर्ज भरून ठेवा आणि प्रवेश रद्द केल्यास कोणती रक्कम परत मिळते ते लेखी घ्या. जन्मदाखला आणि आधारवरची स्पेलिंग जुळतात का ते आत्ताच बघा. पहिलीसाठी प्रवेशाच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरला मुलीची सहा वर्षं पूर्ण हवीत. जानेवारीत जन्मलेल्या मुलीच्या आईबाबांना यातून एक जादा वर्ष मिळतं, ते मोठ्या शिशुवर्गात घालवायला हरकत नाही.